झाकली मूठ उघडताना

श्रोतेहो, नमस्कार.

१५ सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. देशभर तो अभियंता दिन म्हणून साजरा होतो. आम्हा लातूरच्या अभियंत्यांना मात्र या महिन्यातली आणखी एक तारीख विसरता येत नाही, ३० सप्टेंबर. १९९३ साली त्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच माळवद अंगावर आलं. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. आणि भूकंपाच्या नकाशावर आपला भाग तेव्हा पहिल्या क्षेत्रात होता, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या. तो नकाशा २००२ साली बदलला, आपण तिसऱ्या क्षेत्रात गेलो. नकाशा चुकू शकतो, हे आम्ही पुस्तकाआधी ढिगाऱ्यात शिकलो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या अभियंता संघटनेचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. संघटना जुनी, माणसं चांगली. पण वर्षाकाठी एक स्नेहमेळावा, शाल-श्रीफळ, सिमेंट कंपनीची डायरी आणि जेवण, एवढंच उरलं होतं. तरुण येत नव्हते. त्यांचं तरी काय चुकलं? बांधकाम परवाना ऑनलाइन मिळतो, नकाशा सॉफ्टवेअर तपासतं, शंका आली तर फोनवर उत्तर सापडतं. संघटनेत येऊन मिळणार काय, असं एकानं मला तोंडावर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

इथे श्रोत्यांना एक गोष्ट सांगायला हवी. वकिलांना बार कौन्सिल आहे, डॉक्टरांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांना मात्र देशपातळीवर तशी संस्था नाही. नगरपालिका, महानगरपालिका आपापल्या हद्दीत परवाने देतात, तेवढंच. म्हणजे माझ्या संघटनेचा सभासद चुकला तर त्याची सनद काढून घेण्याचा अधिकार मला नाही. आमच्या हातात आहे ती फक्त एकमेकांची लाज आणि एकमेकांचा आधार. मग त्यावरच काम करायचं ठरवलं.

मी कार्यकारिणीत प्रस्ताव ठेवला : दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका सभासदानं स्वतःच्या कामातली एक चूक सांगायची. नकाशा, फोटो, हिशोब, सगळं समोर ठेवायचं. ऐकणाऱ्यानं ते बाहेर कुजबुजायचं नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अध्यक्षसाहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर कामं कोण देईल?" त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्याकडे एका कामाचं नाव खराब झालं की ते तालुकाभर फिरतं.

म्हणून पहिली चूक माझीच सांगितली. एका गुरुजींचं घर. प्लॉट काळ्या मातीचा. मुरूम, म्हणजे खालची घट्ट जमीन, खोल लागत होता, खर्च वाढत होता, मी चार फुटांवरच पाया थांबवला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे गेले, बोट जाईल एवढे. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, पीएफ काढून बांधलंय हो." मी स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती केली, पण ते वाक्य पंचवीस वर्षं मनात होतं. सभेत ते पहिल्यांदा मोठ्यानं बोललो.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते सव्वा लाखवाले ज्येष्ठच उठले आणि त्यांनी एका पाण्याच्या टाकीची गोष्ट सांगितली.

चौथ्या बैठकीत एक तरुण अभियंता मुलगी बोलली. मुरमाच्या जागेवरच्या इमारतीच्या हिशोबाची संगणकावरची फाइल तिनं काळ्या मातीच्या जागेसाठी पुढे चालवली होती. जमिनीच्या वजन पेलण्याच्या ताकदीचा आकडा तोच राहिला. "सॉफ्टवेअरनं सगळं हिरवं दाखवलं, सर," ती म्हणाली. दाखवणारच. सॉफ्टवेअरनं गणित बरोबर केलं होतं, माती आपण चुकीची सांगितली होती. खड्डा खणल्यावर तिला शंका आली म्हणून निभावलं. त्या दिवशी दोन सत्तरीतले अभियंते तिच्या शेजारी बसून सांगत होते, शहराच्या कोणत्या भागात मुरूम किती खोल लागतो. ही माहिती कुठल्याही फोनवर नाही. तोंडावर प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाचं उत्तर मला तिथं मिळालं.

सगळं नीट झालं असं नाही. निरोप मोबाइलच्या ग्रुपवरच द्यायचे असं मी घाईनं ठरवलं आणि काही वडीलधारी मंडळी गळाली. एकांना वाटलं, आपल्याला वगळलं. मी घरी जाऊन माफी मागितली. आता ग्रुपवर निरोप जातो, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना कुणीतरी फोनही करतं. बदल करताना माणूस मागे सुटतो तो असा, आपल्या लक्षातही न येता.

येत्या ३० सप्टेंबरला आमची विशेष बैठक आहे. यंदा पहिल्यांदाच गवंडी, सेंटरिंगवाले आणि सळई बांधणारे कारागीर बोलावलेत. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवायची असतात, म्हणजे भूकंपात रिंग उघडत नाही. नकाशात ते आम्ही काढतो, पण पक्कड त्यांच्या हातात असते. साइटवर ते का होत नाही, हे त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे. पहिलं बोलणं किल्लारीच्या पुनर्वसनात काम केलेल्या एका गवंड्याचं आहे.

तुम्हीही या. घराला तडा असेल तर फोटो काढून आणा, आणि बांधताना पाया किती खोल नेला होता ते घरातल्या थोरांना विचारून या.

नमस्कार.