चॉकलेटचं मेण

[दृश्य: जवळून. पाऊस पडून गेलाय. एक हात दगड बाजूला करतो, पेटीचं झाकण उघडतो. आतून तपकिरी रंगाची वडी निघते.]

हे चॉकलेट नाही. वास मात्र चॉकलेटचाच आहे. मेण वितळवून त्यात चॉकलेटचा स्वाद घालायचा, साच्यात ओतायचं, घट्ट झालं की वडी तारेत ओवून पेटीत अडकवायची. ती कुणी खावी म्हणून ठेवलेलीच नाही. तिच्यावर उंदराचे दात उमटलेले दिसले, तर या बेटावर त्या दिवशी बाकीची सगळी कामं बाजूला राहतील.

[हात वडी उलटीपालटी करतो, उजेडाकडे धरतो.]

गुळगुळीत आहे. ठेवून द्या परत.

[दृश्य: ड्रोन. समुद्र, मग बेट.]

हे सेंट ॲग्नेस. इंग्लंड नैर्ऋत्येला जिथे संपतं तिथे कॉर्नवॉल आहे, आणि कॉर्नवॉलची जमीन संपल्यावर समुद्रात आणखी 45 किलोमीटर गेलं की सिली बेटं लागतात. नावावरून विनोद करू नका, इथल्या लोकांनी ते सगळे ऐकलेले आहेत. लहानमोठी बेटं आणि खडक मिळून शंभरावर भरतात, पण माणसांची वस्ती पाचच बेटांवर. त्यातलं नैर्ऋत्येकडचं, अटलांटिकचा पहिला तडाखा खाणारं बेट हे. कायमची वस्ती ऐंशी-पंच्याऐंशी माणसांची. आपल्याकडे एखाद्या लग्नाच्या पहिल्या पंगतीत सगळं बेट बसेल.

एक दीपगृह आहे, 1680 सालचं, आता विझलेलं. दगडी कुंपणांमध्ये फुलांची शेतं आहेत. हिवाळ्यात, बाकीचं इंग्लंड काकडत असताना, इथे नार्सिसस फुलतात आणि जुड्या बांधून मुख्य भूमीवर जातात. थोड्या गाई आहेत, त्यांच्या दुधाचं आइस्क्रीम बेटावरच बनतं. आणि हा दांडा.

[दृश्य: ओहोटी. वाळूचा पट्टा हळूहळू उघडा पडतो. हे लांब ठेवा, कापू नका.]

वाळूचा दांडा. भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीला वर येतो. पलीकडे दिसतंय ते ग्यू, म्हटलं तर वेगळं बेट, म्हटलं तर सेंट ॲग्नेसचाच तुकडा. तिथे गोल छपरांची दोन घरं, एक उभा प्राचीन पाषाण आणि बाकी सगळं झुडूप. अर्धा दिवस चालत जा, अर्धा दिवस वाट बघा. कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या माणसाला हे वेळापत्रक समजावून सांगावं लागणार नाही.

माणूस चालत जातो तिथे उंदीरही चालत जातो. पुढची गोष्ट कळायला एवढं लक्षात ठेवा.

[दृश्य: छोटी पुळण. गुडघ्यावर बसून वाळू चाळणारी बाई. तळहातावर एक मणी.]

ही जागा बीडी पूल. सतराव्या शतकात इथे एक व्यापारी जहाज फुटलं. त्यात मण्यांचा माल होता. तीनशे वर्षांहून जास्त काळ झाला, अजून एखाद्या भरतीनंतर तपकिरी मणी हाताला लागतो. आम्ही दोन तास वाळू उकरली, आम्हाला शिंपले मिळाले. हा मणी तिचा आहे, शूटिंगसाठी तिने घरून आणला.

या खडकांवर किती जहाजं फुटली त्याची मोजदाद करत बसलं तर फिल्म संपेल. 1707 साली ब्रिटिश आरमाराची चार जहाजं एका रात्रीत गेली, चौदाशेहून जास्त माणसं बुडाली. 1875 मध्ये 'शिलर' नावाची जर्मन आगबोट धुक्यात खडकावर चढली, तीनशेवर माणसं गेली. 1907 मध्ये सात डोलकाठ्यांचं एक अजस्र शिडाचं जहाज, पोटात तेल भरलेलं.

[दृश्य: सहा वल्ह्यांची गिग होडी लाटेवर चढते.]

शेवटच्या दोन्ही वेळी बेटावरून अशाच होड्या निघाल्या. सहा वल्ही, एल्म लाकडाच्या पातळ फळ्या. आज त्यांच्या शर्यती होतात. तेव्हा याच होड्या घेऊन लोक अंधारात माणसं वेचायला जायचे. पगार नव्हता, हुकूमही नव्हता. स्वयंसेवक हा शब्द इथे उशिरा आला, काम जुनंच आहे.

फुटलेल्या जहाजांवरून माणसं आली, मणी आले, लाकूडफाटा आला. आणि, असं मानतात, अठराव्या शतकात त्याच वाटेने तपकिरी उंदीर आले. घरातली चुटुकपुटुक उंदरी नव्हे. आपल्या घुशीच्या जातकुळीतलं धूड.

[दृश्य: दिवसा. गवताळ उतार, जमिनीत बिळं. कॅमेरा एका बिळाच्या तोंडाशी.]

आता पक्ष्यांकडे वळू.

मँक्स शिअरवॉटर. वर काळा, खाली पांढरा, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. आयुष्यभर समुद्रावर, फक्त अंडं घालायला जमिनीवर. तेही झाडावर नाही, कड्यावर नाही, बिळात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते 50 दिवसांच्या आसपास उबवायचं, मग पिल्लू आणखी 70 दिवस बिळात. पाय इतके मागे की जमिनीवर हा पक्षी चालत नाही, पोटावर सरपटतो. त्यामुळे दिवसा किनाऱ्यावर यायची सोय नाही, मोठे गल पक्षी त्याला टिपून खातात. तो अंधारात येतो, शक्यतो चांदणं नसलेल्या रात्री.

दुसरं, स्टॉर्म पेट्रल. चिमणीएवढं. वजन पंचवीस ग्रॅम. याचा एक चुलतभाऊ आपल्या ओळखीचा आहे. कोकण किनाऱ्यावरून खोल समुद्रात गेलेल्या खलाशांना तो पाण्यावर पाय आपटत उडताना दिसतो. मराठीत त्याला वादळी पाखरू म्हणतात. हे त्याच घराण्यातलं. तेही दगडांच्या फटीत एकच अंडं घालतं.

बिळात अंडं, दारात उंदीर. अधिक काय सांगायचं? 1983 नंतरच्या पाव शतकात सिलीतले समुद्रपक्षी जवळपास एक चतुर्थांशाने घटले. सगळा दोष उंदरांचा नाही, समुद्रातला मासाही कमी होतोय. पण मासा बेटावरच्या ऐंशी जणांच्या हातात नव्हता. उंदीर होते.

[दृश्य: पश्चिमेला दूरवर ॲनेट बेट, त्यावर पक्ष्यांचे ढग.]

समोर दिसतंय ते ॲनेट. निर्मनुष्य, विणीच्या हंगामात तिथे पाऊल ठेवायला बंदी. उरलेसुरले पक्षी तिथे तग धरून होते.

[दृश्य: स्वयंपाकघर. टेबलावर बेटाचा नकाशा, त्यावर पेन्सिलीने आखलेले चौकोन.]

आता सगळ्यात कंटाळवाणा भाग. आम्हाला तोच सगळ्यात आवडला.

बेट उंदीरमुक्त करायचं तर चौकटी आखाव्या लागतात. चाळीस-पन्नास मीटरवर विषाची एक पेटी. शेतात, कड्यावर, काटेरी झुडपात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या फरशीखाली. एक जरी घर 'आमच्याकडे नको' म्हणालं, तर तिथे दोन उंदीर वाचतात, आणि दोन वाचले की वर्षाने सगळे परत. म्हणजे बहुमताने चालत नाही. सगळेच हो म्हणायला हवेत. मांजरवाले, कुत्रेवाले, कोंबड्यावाले, आयुष्यात पक्षी न पाहिलेले, संस्थांवर चिडलेले, सगळे.

आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवर एकमत करून बघा, मग या ओळीचं वजन कळेल.

बेटावर बैठकांवर बैठका झाल्या. आरएसपीबी ही पक्ष्यांची संस्था, सिलीचा वन्यजीव ट्रस्ट आणि इतर दोन-तीन खाती बरोबर होती. जाता जाता, हा ट्रस्ट सिलीतली बरीचशी निर्मनुष्य आणि पडीक जमीन सांभाळतो. जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटिश युवराजाच्या जहागिरीची आहे. तिचं वर्षाचं भाडं आहे डॅफोडिलचं एक फूल. एक.

[दृश्य: गोठ्यामागची अडगळ. जुने पत्रे, दोर, फाटकी जाळी उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत.]

होकार मिळाला आणि आधी साफसफाई सुरू झाली. उंदराला जिथे लपायला आणि खायला मिळतं ती प्रत्येक जागा. खताचे ढीग, जुनी छपरं, कोंबड्यांचं खाद्य. खाद्य पत्र्याच्या डब्यात गेलं, झाकणं घट्ट झाली. हे काम कुठल्याही तज्ज्ञाचं नव्हतं. ज्याची अडगळ त्याने उपसली, म्हाताऱ्यांची शेजाऱ्यांनी उपसली.

2013 च्या हिवाळ्यात न्यूझीलंडहून उंदीर हटवणारी तुकडी आली. जगात या कामात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. हिवाळाच का? पर्यटक नसतात, पक्षी नसतात, आणि उंदराला दुसरं खायला मिळत नाही. सेंट ॲग्नेस आणि ग्यू एकाच वेळी करावं लागलं, कारण मघाचा तो दांडा. हीच दोन बेटं का? सगळ्यात जवळचं मोठं बेट सेंट मेरीज, आणि मध्ये किलोमीटरभर खोल, ओढीचं पाणी. उंदीर पट्टीचा पोहणारा असला तरी हे पाणी त्याला सहसा पेलत नाही.

उंदीर अंदाजे 3,100 होते. विषाने मेले. ज्या प्राण्याला आपण वर्षातून एकदा मोदक देतो त्याच्याबद्दल हे बोलताना जीभ जरा अडखळते. पण तेवढंच.

[दृश्य: पहिल्या पेटीवर परत. आता पूर्ण माणूस दिसतो. खांद्याला पिशवी, हातात वही.]

आता खरी गोष्ट. तज्ज्ञ निघून गेले. मारणं एका हिवाळ्यात उरकलं. उरला पहारा.

विषाच्या जागी मेण आलं. उंदराला चॉकलेटचा मोह आवरत नाही. एखादा कुठून आलाच, तर तो कुरतडणार आणि मेणावर त्याच्या पुढच्या दातांच्या दोन समांतर खाचा राहणार. या खाचा ओळखणं इथल्या लोकांना शिकवलं गेलं. सशाचे दात वेगळे, चिचुंद्रीचे बारीक ओरखडे वेगळे. बेटावरची ही छोटी चिचुंद्री ब्रिटनच्या मुख्य भूमीवर सापडत नाही, तिचं बरं चाललंय की नाही तेही लोक बघतात.

दर काही आठवड्यांनी फेरी. पेटी उघड, वडी बघ, वहीत लिही, पेटी बंद. पावसात, वाऱ्यात, फुलांच्या हंगामात पाठ मोडलेली असताना. हा फुलशेती करतो. पलीकडच्या उतारावर दिसतेय ती उन्हाळ्यात पर्यटकांना चहा देते. आम्ही विचारलं, कंटाळा नाही येत? तो हसला आणि पुढच्या पेटीकडे गेला. आमच्याकडे त्याची पाठच आहे.

[दृश्य: धक्का. मालाची होडी. पोती, खोकी, गॅसचे सिलिंडर उतरताहेत.]

धोका इथे आहे. बेटाला लागणारी प्रत्येक वस्तू याच धक्क्यावरून येते. गवताचा भारा, बटाट्याचं पोतं, कुणाचा जुना सोफा. प्रत्येकात उंदीर असू शकतो. म्हणून पोतं उचलताना खाली बघायचं, खोकं उघडण्याआधी हलवून पाहायचं. आणि संशय आला तर फोन करायचा. त्यासाठी खास नंबर आहे, आणि 'उंदराची चुगली करा' अशी गमतीदार हाक बेटावर लावलेली आहे. शिवाय समुद्र आहेच. 1997 मध्ये शेजारच्या सेंट मेरीजवर एक कंटेनरचं जहाज आपटलंच होतं. जहाज फुटायचे दिवस संपले असं इथे कुणी समजत नाही.

[दृश्य: झपाझप. वहीची पानं, पेट्या, हात, पेट्या.]

दोन वर्षं एकही खाच नाही. 2016 च्या सुरुवातीला न्यूझीलंडची तुकडी परत आली, बेट पुन्हा विंचरून काढलं, आणि फेब्रुवारीत दोन्ही बेटं अधिकृतपणे उंदीरमुक्त झाली. पक्षी तेवढे थांबलेच नव्हते. 2014 च्या सप्टेंबरातच शिअरवॉटरची पिल्लं बिळाबाहेर दिसली, जाणत्या माणसांच्या आठवणीत पहिल्यांदा. मग वादळी पाखरंही आली.

पेट्या तशाच आहेत. फेऱ्याही.

[दृश्य: रात्र. लाल टॉर्च. गवत. दूरवरून घोगरा, रडका, चिरका आवाज, मग अनेक.]

हा आवाज त्यांचाच. जुने खलाशी याला भुतं म्हणायचे.

[बिळाच्या तोंडाशी राखाडी लव, त्यातून डोकावणारी काळी चोच.]

हे पिल्लू या दिवसांत आईबापांपेक्षा वजनदार असतं. त्याला भरवून भरवून ते निघून गेलेत, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे. पिल्लाला वाट कुणी दाखवलेली नाही. रोज रात्री ते बाहेर येतं, पंख फडफडवतं, परत आत जातं.

[पिल्लू बाहेर येतं. पंख उघडतं. पाठीमागे, फ्रेमच्या कडेला, पेटीवरचा दगड दिसतो. निवेदन इथेच थांबवा. आवाज तसाच राहू द्या, नावं त्याच्यावरच.]