पुन्हा जाऊन मोजा

पत्रिकेवर ‘शाश्वत नियोजन आणि विद्यापीठातलं संशोधन’ असा भारदस्त विषय छापलाय. तिकडे येतोच. पण आधी मोजणीविषयी बोलू द्या; बरीच वर्षं मनात साचलंय.

कोपनहेगनचा स्त्रोयट हा मुख्य रस्ता १९६२ साली गाड्यांना बंद झाला. एवढ्या थंडीत पायी कोण हिंडणार, अशी ओरड झाली. तिथल्या वास्तुकला विद्यालयात यान गेल नावाचा तरुण संशोधक होता. बायको इनग्रिड मानसशास्त्रज्ञ. वास्तुविशारदांना माणसांत रस का नसतो, हा मानसशास्त्रज्ञ मंडळींचा प्रश्न त्याला झोंबला होता. तो रस्त्यावर जाऊन बसला. किती जण चालले, किती थांबले, कुठे टेकले, सगळं टिपत. इथे कुणी एखाद्या बाकाकडे दिवसभर बघत बसलंय? हात वर करा. दोन? चला, दोन तर दोन, चहाच्या वेळी मला भेटा!

पहिला अभ्यास १९६८चा. मग १९८६ मध्ये तीच मोजणी, १९९५ मध्ये पुन्हा. गाडीमुक्त जागा साडेतीन पट झाली होती. चालणारे साधारण तितकेच राहिले. वाढले ते रेंगाळणारे, तेही जवळपास साडेतीन पट. हे एका मोजणीत कधीच कळलं नसतं.

आणि आपल्याकडे? मी विद्यार्थी असताना एका चौकाची मोजणी केली होती. दहा वर्षांनी तीच पुन्हा करायला निधी मागितला. समितीनं विचारलं, ‘यात नवीन काय?’ अहो, नवीन माणसं! लावलेली रोपं सावली द्यायला लागली होती, मुलं मोठी झाली होती. प्रस्ताव परत आला. त्या चौकाची दुसरी मोजणी कायमची राहून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

इयन मॅकहार्ग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवायचे. माती, उतार, पूररेषा यांचे नकाशे एकावर एक ठेवून कुठे बांधू नये ते ठरवायचं, ही त्यांची पद्धत. टेक्सासमधल्या द वूडलंड्स या वसाहतीत त्यांनी पाणी उघड्या चरांतून मातीत मुरू दिलं. तिथल्याच नंतरच्या वस्त्यांत नेहमीची गटारं आली. काही दशकांनी संशोधकांनी दोन्हींकडच्या पाण्याची तुलना केली, तेव्हा चरांच्या भागातून कमी पाणी वाहून जातं हे आकड्यांत दिसलं. परत गेले म्हणून दिसलं.

इमारतींच्या विजेचंही तेच. ब्रिटनमध्ये १९९५पासून वापरातल्या इमारती तपासल्या, तर अनेकींचा खरा वापर आराखड्यातल्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. गल्लीतून आकाश जितकं कमी दिसतं तितकी ती रात्री सावकाश निवते, यावर बोलायचं राहिलंच.

एकच मागणी करतो. प्रबंधासोबत मोजणीचे मूळ कागद ग्रंथालयात ठेवा: जागा, तारीख, तास, हवामान, मोजणारा कुठे उभा होता ते. वीस वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच कोपऱ्यावर उभं राहता आलं पाहिजे.