डिचोलीची विहीर

(दृश्य: रहाट, दोर, भरलेली कळशी)

काल संध्याकाळी हे पाणी शेंदलं तेव्हा नितळ होतं. रात्रभर कळशीत राहिलं आणि आता तळाशी तांबूस गाळ बसलाय. तोंडावर बांधलेलं पांढरं फडकंही पिवळं पडलंय. हे लोह. जमिनीखाली जिथे हवा पोचत नाही, तिथे ते पाण्यात विरघळून असतं, डोळ्यांना दिसत नाही. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो खाली बसतो.

हा उत्तर गोव्यातला डिचोली तालुका.

इथे वर जांभा आहे, घरांचे चिरे ज्यातून काढतात तोच. भोकाभोकांचा दगड. पावसाळ्यात पोटभर पाणी पितो आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत विहिरींना, झऱ्यांना ते पुरवून पुरवून देतो. त्याखाली चिकणमातीचे थर, त्यांतून पाणी सहजासहजी उतरत नाही. आणि आणखी खाली भुकटीसारखं भुसभुशीत लोहखनिज. या भुकटीच्या कणाकणांमध्येही पाणी साठलेलं असतं. म्हणजे जहाजात भरून परदेशी जातं ते खनिज आणि भूजल धरून ठेवणारा थर, दोन्ही एकच! गोव्यातल्या खाणींचं मूळ दुखणं मला इथेच दिसतं. खनिज काढायचं आणि पाणी तसंच ठेवायचं, हे या जमिनीत जमत नाही.

(दृश्य: खाणीचा खड्डा, वरून)

खोदाई भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्डा भरू लागतो. मग रात्रंदिवस पंप चालतात. विहिरीकडे येणारं पाणी खड्ड्याकडे वळतं. जांभाही कापला गेलेला, त्यामुळे वरचं पाणीसुद्धा तिकडेच झिरपतं. मे महिन्यापर्यंत साथ देणारी विहीर आधीच तळ गाठते आणि उरलेलं पाणी कळशीत गढूळच येतं.

एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते. तिचे डोंगर झालेत. जोराचा पाऊस आला की ही लाल माती ओहळात येते, ओहळातून भातशेतीत. तिचे बारीक कण शेतात बसले की जमीन लिंपल्यासारखी होते, आणि पाणी मुरायची तीही वाट बुजते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं, म्हणजे खोदाईच्या भाडेकरारांचं, नूतनीकरण रद्द केलं. पंप बंद पडले तसे खड्डे भरून तळी झाली. त्यांतल्या काहींचं पाणी उन्हाळ्यात उपसून नदीत सोडलं गेलं, ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पासाठी. खाणीच्या खड्ड्यात साठलेलं हे भूजल असं शहराच्या नळापर्यंत पोचलं.

डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. लिलावाच्या कागदात खनिजाचे टन मोजलेले असतात. खाणीभोवतीच्या प्रत्येक विहिरीची मे महिन्यातली पातळी, तिच्यातलं लोह, मँगनीज, गढूळपणा हेही खोदाईआधी मोजून पंचायतीच्या फलकावर लावायला हवं, आणि दर वर्षी पुन्हा. पहिला पंप लागण्याआधीचा आकडा हाताशी नसेल, तर विहीर कशामुळे आटली हे गावाने उद्या कुणापुढे आणि कसं सिद्ध करायचं?