पाटीवरचं नाव

श्रोतेहो, नमस्कार. आज एका कोळीवाड्याची गोष्ट सांगणार आहे. हा कोळीवाडा आपल्या किनाऱ्यावरचा नाही. ग्रीसच्या वायव्य टोकाला, साधारण 850 मीटर उंचीवर प्रेस्पा नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या काठचा. गावाचं नाव प्सारादेस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच 'मच्छीमार'. वस्ती शंभराच्या आत. दगडी घरं, काठावर मोकळ्या चरणाऱ्या बुटक्या गाई, आणि मीठ लावून वाळवलेले बारीक मासे. सुकट खाणाऱ्यांना त्याची चव वेगळी सांगायला नको! समोरच्या पाण्यातच ग्रीस, अल्बानिया आणि उत्तर मॅसिडोनिया या तीन देशांच्या हद्दी एकमेकींना भिडतात.

पण प्सारादेस हे मूळ नाव नव्हे. 1912-13च्या बाल्कन युद्धांपर्यंत इथे ऑटोमन तुर्कांचा अंमल होता. गावकरी ग्रीकहून वेगळी अशी स्लाव्ह बोली बोलत आणि गावाला निवित्सी म्हणत. प्रदेश ग्रीसकडे आला आणि 1920च्या दशकात सरकारने आसपासच्या कितीतरी गावांची नावं बदलली, त्यात हेही बदललं. पुढे ग्रीसमध्ये यादवी पेटली. 1949 साली ती संपली, तेव्हा प्रेस्पाची गावंच्या गावं रिकामी झाली होती. 1982 साली सरकारने निर्वासितांना परतायची मुभा दिली, पण फक्त 'वंशाने ग्रीक' असलेल्यांना. म्हणजे निवित्सी म्हणणाऱ्यांना दार बंदच.

आणि नियतीची गंमत बघा. शेजारच्या देशाने 'मॅसिडोनिया' म्हणवून घ्यायचं की नाही, यावर ग्रीसशी त्याचं 27 वर्षं भांडण चाललं. नावावरून माणसं किती पेटतात, हे आपल्या बेळगावकरांना ठाऊक आहेच. ते भांडण मिटलं कुठे? याच गावात! 17 जून 2018. ग्रीसचे सिप्रास आणि शेजारच्या देशाचे झाएव या दोन पंतप्रधानांसमोर परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. देश 'उत्तर मॅसिडोनिया' झाला. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ मॅथ्यू निमेत्झ यांचा त्याच दिवशी 79वा वाढदिवस होता.

एका देशाचं नाव जिथे ठरलं, त्या गावाच्या पाटीवर मात्र प्सारादेसच राहिलं. कराराला नाव मिळालं ते तळ्याचं, प्रेस्पा. ते तिन्ही देशांत जवळजवळ सारखंच उच्चारतात. आणि त्या तळ्याचं पाणी गालिचित्सा डोंगराच्या पोटातून, जमिनीखालून, दीडशे मीटर खालच्या ओह्रिड तळ्यात उतरत असतं.