चादर उलटी करून बघा: तीन रंगांचं गणित

(चादर कॅमेऱ्यासमोर उलगडत)

नमस्कार मंडळी! ही आमच्या घरातली चादर. अर्थात सोलापुरी. मरून जमीन, तिच्यावर पांढरे मोर, काठाला पिवळा पट्टा. आता उलटी करते हं... दिसलं? जमीन पांढरी झाली, मोर मरून झाले.

सूत तेच, रंग तेच. ही वीण दुपदरी असते. जिथं मोर काढायचा तिथं जकार्ड, म्हणजे मागावरचं नक्षी काढणारं यंत्र, खालच्या पदराचं सूत वर आणतं आणि वरचं खाली नेतं. त्यामुळं एक बाजू दिवाणावर टाकली की पाहुणे येणार असल्यासारखं वाटतं, आणि दुसरी बाजू उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला बरी वाटते. फरक फक्त कुठला रंग किती, एवढाच.

मला मेसेज येतात, "ताई, तीन रंग कुठले घेऊ?" किती किती घेऊ, हे कुणीच विचारत नाही! इंटिरियरवाले साठ-तीस-दहा सांगतात. एक रंग भरपूर, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा चिमूटभर. टेप घेऊन मोजायचं नाही बरं का, अंदाज आहे तो. भाकरी, भाजी आणि शेंगाचटणी. चटणी ताटभर वाढली तर काय होईल?

आता आईची इरकल. (साडी दाखवत) अंग गर्द निळं, पदर आणि काठ लाल, पदरावर पांढरी नक्षी. हिशोब विणणाऱ्यानंच करून ठेवलाय. तरी आपण सोलापूरच्या चाटी गल्लीत, कापडबाजारात जाऊन चौथ्या रंगाचा ब्लाउज शोधत दोन तास घालवतो. अहो, पदरातला लाल उचला की! दुसऱ्या रंगाचं वजन थोडं वाढतं, साडी बिघडत नाही. पांढरा घेतलात तर मात्र चटणीची भाजी होते. तेही चालेल, पण ठरवून करा.

घराचं सांगते, कारण तिथं मी स्वतः आपटले. हॉलला तीन भिंती, तीन रंग: पिस्ता, पीच आणि फिकट निळा. तिघांना सारखा मान. दुकानातल्या कार्डावर काय गोड दिसत होते! भिंतीवर आल्यावर आमचे मामा दारातच थबकले आणि म्हणाले, "बालवाडी काढलीस का गं?"

चुका दोन झाल्या. एक, मी फरशी मोजलीच नव्हती. आमच्याकडं शहाबादी फरशी आहे, म्हणजे खोलीभर करडा रंग आधीच अंथरलेला. तोच पहिला रंग. मी तीन निवडले असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात चार झाले होते. फरशी, दारं, मोठं कपाट, जे बदलणार नाही ते आधी मोजा. उरलेली जागा तुमची.

दुसरी चूक फोनमध्ये सापडली. खोलीचा फोटो काढून काळा-पांढरा केला, तर तिन्ही भिंती एकाच राखाडी रंगाच्या! तिघांचा फिकेपणा सारखाच, मग नजर टेकणार कुठं? एक गडद, एक मधला, एक उजळ, असं असेल तर रंगांची नावं कुठलीही असोत, बहुतेक वेळा निभावतं. दुकानाचा बोर्ड करतानाही हेच बघा. लाल पाटीवर हिरवी अक्षरं फोटोत गायब झाली, तर रस्त्यावरून रिक्षातल्या माणसाला काय वाचता येणार?

आणि शेजारी कुठला रंग आहे त्यावर एखादा रंग वेगळाच दिसतो, हे विणकराला कुणी शिकवावं लागत नाही. पॅरिसच्या गोबलाँ या भिंतीवर टांगायचे नक्षीदार पडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्ह्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई बघायचे. तक्रार आली, काळं सूत फिकं दिसतंय. त्यांनी तपासलं, तर रंगाईत दोष नव्हताच. शेजारी निळं-जांभळं सूत होतं, त्याच्यामुळं काळा मेलेला दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर छापलं. म्हणून नमुना एकटा बघू नका. उशीचं कापड त्या सोफ्यावरच ठेवून बघा, एकदा दुपारच्या उन्हात आणि एकदा रात्री ट्यूबखाली. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन तर फिका रंग खाऊनच टाकतं.

माझ्या हॉलचं पुढं काय झालं? तिन्ही भिंती मोतिया केल्या, पडदे गर्द निळे घेतले आणि हीच चादर दिवाणावर टाकली, मरून बाजू वर. पिस्त्याचा अर्धा डबा अजून माळ्यावर आहे. मामा आले की हमखास विचारतात.