परदेशातनं नर्सिंग करून आलात, पण इथल्या रजिस्ट्रेशनचं काय?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय परदेशात जाऊन नर्सिंग शिकण्याबद्दल, म्हणजे खरं तर जाण्याबद्दल नाहीच, कसं जायचं हे सांगणारे आता गल्लोगल्ली बोर्ड लावून बसलेत, मला बोलायचंय परत येण्याबद्दल. तिकडं शिकून आलेल्या मुलीला नाहीतर मुलाला इथल्या हॉस्पिटलात सिस्टर, ब्रदर म्हणून ड्युटीला उभं राहायचं असेल तर काय लागतं आणि घोडं नेमकं कुठं अडतं.

आत्ताच का हा विषय, तर फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सिंग आलंच, आणि तेव्हापासून जर्मन भाषेच्या क्लासना नुसती झुंबड आहे. मी मिरजेत नर्सिंग शिकवते, आमचं गावच दवाखान्यांचं, त्यामुळे बारावीच्या मुलीची आई बाजारात भेटली तरी भाजी राहते बाजूला आणि "मॅडम, ते जर्मनीचं आउसबिल्डुंग चांगलं का हो?" हे आधी.

चांगलंच आहे की. आउसबिल्डुंग म्हणजे काम करत शिकायचा तीन वर्षांचा कोर्स, 2100 तास वर्गात आणि 2500 तास प्रत्यक्ष वॉर्डात, शाळेची फी नाही, उलट पहिल्या वर्षापासून हातात पैसे मिळतात. जर्मन भाषा मात्र बी2 पर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी सफाईदार बोलता-लिहिता येईल इतकी, यायला पाहिजे आणि ते काही सहा आठवड्यांच्या क्रॅश कोर्सचं काम नाही, पण ते असो. माझा प्रश्न एवढाच असतो, की मुलगी पाच वर्षांनी परत आली, लग्न म्हणा, आईवडलांचं आजारपण म्हणा, किंवा नुसतं तिकडं करमलं नाही म्हणा, तर मग? यावर समोरून हमखास येणारं उत्तर म्हणजे "जर्मनीचं सर्टिफिकेट म्हटल्यावर इथं कोण नाही म्हणणार?" नाही म्हणतात हो. आणि जो नाही म्हणतो त्याचं काही चुकतंय असंही नाही.

कारण बघा. आपल्याकडं बी.एस्सी. नर्सिंग करा नाहीतर जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा करा, राज्याच्या कौन्सिलकडं रजिस्ट्रेशन होतं ते आरएन आरएम असं, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ, दोन्ही एकदमच. आपली विद्यार्थिनी लेबर रूमला पोस्टिंगला जाते, रात्री दोनला बाईला कळा आल्या की पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचा तक्ता भरते, इन्स्ट्रक्टरच्या डोळ्यांसमोर नॉर्मल डिलिव्हरी स्वतः करते, नाळ कापते, बाळाचा अपगार स्कोर, म्हणजे जन्मल्या जन्मल्या तब्येतीला दिलेले गुण लिहिते, आणि सकाळी ते सगळं केसबुकमध्ये उतरवून सही घ्यायला माझ्यामागं फिरते. त्या केसबुकमधल्या केसेस पुऱ्या झाल्याशिवाय तिची सुटका नाही. का, तर उद्या तिची नेमणूक एखाद्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली आणि डॉक्टर मीटिंगला तालुक्याला गेलेत, तर बाळंतपण तिलाच करायचंय.

जर्मनीत हा धंदाच वेगळा. तिथं बाळंतपण करणारी ती हेबामे, तिचं शिक्षण वेगळं, 2020 पासून तर ते युनिव्हर्सिटीतच नेलंय, आणि नर्सिंगच्या मुलीनं डिलिव्हरी करायचा प्रश्नच येत नाही, ती फार तर बाजूला उभी राहून बघेल. इंग्लंडमध्ये आणखीनच वाटण्या. तिथली नर्सिंगची डिग्री तीन वर्षांची, 4600 तासांची, त्यातले निम्मे प्रॅक्टिकलचे, म्हणजे मेहनतीत काही कमी नाही, पण ॲडमिशन घेतानाच मोठ्यांचं नर्सिंग, मुलांचं, मानसिक आजारांचं की लर्निंग डिसेबिलिटीचं, यातलं एक निवडायचं. मिडवायफरी तर पूर्ण निराळी डिग्री. म्हणजे लंडनहून ॲडल्ट नर्सिंग करून आलेली मुलगी आयसीयूत आमच्यापेक्षा चार गोष्टी जास्त जाणत असेल, पण आपल्या रजिस्टरचे रकाने भरायला बसलं की प्रसूती कोरी, बालरोग अर्धवट, मानसोपचार अर्धवट, आणि आपल्या पद्धतीचं कम्युनिटी हेल्थ, उपकेंद्र, आशाताई, लसीकरणाचं सत्र, ते तर कुठनं असणार. शिक्षण कमी पडलं म्हणून नाही, तिथं नर्सकडनं मागतातच वेगळं म्हणून.

आता कायदा काय म्हणतो ते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा 1947 चा, त्याचं कलम 11 वाचा, फार मोठं नाही. त्याचा अर्थ असा की भारतीय नागरिकाकडं अशी पात्रता असेल जिच्यावर त्या परदेशातल्या नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी होऊ शकते, मग ती कौन्सिल तिथं कुठल्याही नावानं असो, तर इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मंजुरीनं त्याचं नाव आपल्या राज्याच्या रजिस्टरला चढू शकतं. यात दोन गोष्टी आहेत. एक, मंजुरी दिल्लीच्या इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि नोंदणी राज्याची, आपल्याकडं म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, मुंबई. लोक थेट मुंबईला फाइल घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात. आणि दुसरी, मंजुरी मिळू शकते म्हणजे मिळेलच असं नाही, तास मोजले जातात, विषय मोजले जातात, आणि जे कमी पडलं ते इथल्या मान्यताप्राप्त संस्थेत भरून काढा असं सांगितलं जाऊ शकतं. तिशीतली, पाच वर्षं तिकडं स्वतंत्रपणे वॉर्ड सांभाळलेली बाई, आणि तिनं पुन्हा एप्रन घालून माझ्या एकोणीस वर्षांच्या पोरींबरोबर लेबर रूमला उभं राहायचं! मला विचाराल तर यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हे जाण्याआधी माहीत असणं वेगळं आणि आल्यावर कळणं वेगळं.

तिथलं लायसन्स घेऊनच या, हे मी दहादा सांगते. कोर्स संपला, विमान पकडलं, असं करू नका. इंग्लंडमध्ये एनएमसीची, म्हणजे तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची नोंदणी करून पिन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक घ्या. जर्मनीत जरा गंमत आहे, तिथं आपल्यासारखी अख्ख्या देशाची अशी एक नर्सिंग कौन्सिलच नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये परवाना देतं ते सरकारी ऑफिस, त्या कागदाला उर्कुंड म्हणतात. आता आपल्या फॉर्ममध्ये "कौन्सिलचे नाव" असा रकाना आला की मुलं गोंधळतात. तिथं परवाना देणाऱ्या त्या ऑफिसचं नाव घालायचं आणि ते ऑफिस काय काम करतं याचं पत्र त्यांच्याकडनंच, तिथं असतानाच घेऊन ठेवायचं, इथनं जर्मनीला ईमेल करत बसण्यापेक्षा ते बरं.

तसंच तासांचं. नुसती मार्कशीट आणू नका, कुठल्या विषयाचे थिअरीचे किती तास, कुठल्या वॉर्डात किती आठवडे, बाळंतिणींच्या वॉर्डात गेला असाल तर तिथं काय बघितलं आणि हातानं काय केलं, हे सगळं शाळेच्या लेटरहेडवर मागून घ्या. जर्मनमधले कागद असतील तर अधिकृत भाषांतर लागणारच.

आणि नाव! हे आपल्या मराठी घरांचं खास दुखणं. बारावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडलांचं. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, बाकीची दोन नावं दुसऱ्या ओळीत. परदेशातल्या कॉलेजनं त्यातलं मधलं नाव गाळलं. मग लग्न झालं, नवीन पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आलं. एकाच मुलीच्या चार कागदांवर चार बायका. जायच्या आधी सगळीकडं एकच नाव करून घ्या आणि परवाना हातात येईपर्यंत कुणीही कितीही आग्रह केला तरी ते बदलू नका, सासूबाईंना मी सांगते हवं तर.

एनक्लेक्सबद्दलही थोडं, कारण ती अमेरिकेची परीक्षा पास झाली की जगात कुठंही नोकरी, असं क्लासवाले बिनदिक्कत सांगतात. अमेरिकेतल्या राज्यांचं लायसन्स मिळवायला ती लागते, कॅनडानं 2015 ला घेतली, ऑस्ट्रेलियानं 2020 ला. भारतात तिच्यावर रजिस्ट्रेशन होत नाही.

माझं मत विचाराल, आणि इथं सगळ्यांना पटेलच असं नाही, परत यायची थोडी जरी शक्यता वाटत असेल तर आधी इथंच बी.एस्सी. करा, आरएन आरएम घ्या आणि मग जा. तिकडं भाषा शिकावी लागेल, परीक्षा द्यावी लागेल, वर्ष दोन वर्षं जास्त जातील, कबूल. पण इथलं रजिस्ट्रेशन तोवर रिन्यू करत राहिलात तर परतीचा रस्ता उघडा राहतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या जाहिरातीतसुद्धा नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी मागतात, तिथं जर्मन कितीही फाडफाड आलं तरी उपयोग नाही. ज्यांना इथली फी झेपत नाही म्हणूनच आउसबिल्डुंगला जायचंय त्यांचं गणित निराळं, त्यांना मी अडवत नाही, अडवायचा मला अधिकारही नाही.

शिवाय 2023 ला संसदेत राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झालाय, 1947 च्या कायद्याची जागा घ्यायला, त्यामुळे अर्ज कराल तेव्हा त्या दिवशीचा नियम कौन्सिलच्या साइटवर बघा, ताईनं तीन वर्षांपूर्वी काय केलं होतं ते धरून चालू नका.

आणि परत आल्यावर मंजुरीची वाट बघताना एखादं छोटं हॉस्पिटल म्हणेल, "या की सिस्टर, कागद येतील मागनं, तोवर नाइट करा." करू नका. भाषेच्या क्लासला शिकवा, हॉस्पिटलात पेशंट कोऑर्डिनेटर म्हणून बसा, पण रजिस्ट्रेशन नसताना पेशंटला सुई लावायची नाही. पुढच्या वेळी जीएनएम झालेल्यांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी.बद्दल बोलू. नमस्कार.