फॉर्मवर ‘बागकाम’ लिहू नका
(झाडांच्या छाटणीचा व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सुरुवात वजनापासून करू. रेन ट्रीची एक आडवी फांदी डोळ्यांपुढे आणा. जाडी एक फूट, लांबी तेरा फूट. ओल्या लाकडाचं वजन पाण्याच्या वजनाच्या जवळपास जातं, म्हणजे ही एकच फांदी अडीचशे किलोच्या आसपास भरते. खाली सोसायटीच्या सभासदांच्या गाड्या, बाजूला कंपाउंडची भिंत, मधून गेलेली केबल. फांदी दोरावर उतरवताना दोर सरकला तर मार कोणाकोणाला बसेल? वर बेल्ट लावून बसलेल्याला, खाली दोर धरणाऱ्याला, ज्याची गाडी आहे त्याला, आणि तुमच्या मशीनला. अपघात एकच, पण ही नुकसानं विम्याच्या वेगवेगळ्या खात्यांत जातात. एका पॉलिसीत सगळं बसतं असं कोणी सांगितलं, तर त्याला पॉलिसीचा मजकूर दाखवायला सांगा.

पहिली पॉलिसी मजुरांची. बाजारात तिला अजून ‘वर्कमन कॉम्प’ म्हणतात, कागदावर ‘एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन’ असतं. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यामुळे नवी पॉलिसी घेताना तिच्या मजकुरात संहितेचा उल्लेख आहे ना, हे विचारून घ्या. जुन्या कायद्याचा छापील नमुना हातात पडू शकतो. संहितेत घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला आहे. पहाटे मोटारसायकलवर तिघं बसून साइटवर येणाऱ्या गड्यांचा विचार केला, तर ही तरतूद तुमच्यासाठी किती मोठी आहे ते कळेल.

दहा किंवा जास्त माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. तिथे २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांची जबाबदारी महामंडळाकडे जाते. पण सुरुवातीला तुमच्याकडे चार-पाचच माणसं असणार. म्हणजे ईएसआय नाही आणि भरपाईची पूर्ण जबाबदारी तुमच्या डोक्यावर. ती किती असते, हे आकड्यांत पाहू.

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्क्यांना. हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात, माणसाला प्रत्यक्षात जास्त मिळत असलं तरी. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे मृत्यूची भरपाई ७,५०० गुणिले २०७.९८, अर्थात १५,५९,८५० रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची ९,००० गुणिले तोच गुणक, म्हणजे १८,७१,८२० रुपये. चेनसॉने अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान ३० टक्के धरतात. म्हणजे या दुसऱ्या रकमेच्या ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. भुशाचा कण जाऊन एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला, तर ४० टक्के. हाड मोडून माणूस दोन महिने घरी बसला, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. दवाखान्याचा खर्च वेगळा आणि तो प्रत्यक्ष झाला तेवढा.

इथेच पहिली चूक होते. अनेक पॉलिसींत दवाखान्याचा खर्च मुळात धरलेलाच नसतो. जादा हप्ता भरून ‘मेडिकल एक्स्टेन्शन’ घ्यावं लागतं आणि त्याला दर माणशी मर्यादा असते. पंचवीस फुटांवरून पडलेल्या माणसाच्या मणक्याचं ऑपरेशन आणि अतिदक्षता विभाग लक्षात घेता, पन्नास हजारांची मर्यादा पुरणार नाही. हप्ता थोडा वाढला तरी ही मर्यादा चांगली ठेवा.

दुसरी चूक माणसं आणि पगार लपवण्याची. या पॉलिसीचा हप्ता वर्षभरात वाटणार असलेल्या एकूण मजुरीवर ठरतो. चार माणसं, सरासरी महिना २०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६०,००० रुपये. हा आकडा जाहीर करायचा आणि वर्ष संपल्यावर खऱ्या मजुरीचं विवरण देऊन हप्त्याचा फरक भरायचा किंवा परत घ्यायचा. हप्ता वाचवायला सहा माणसांऐवजी दोन लिहिली, तर पडलेला माणूस त्या दोघांतला होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि ते जमत नाही. म्हणून हजेरीपुस्तक रोज भरा, जन्मतारखेचा पुरावा प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी घ्या (गुणक वयावर आहे, हे विसरू नका) आणि मजुरी बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख वाटलेल्या मजुरीचा पुरावा राहत नाही.

तिसरी चूक पेटी कंत्राटाची, म्हणजे पोटकंत्राटाची. मोठं काम आलं की मुकादमाला सांगून त्याची चार माणसं आणतात. तुमच्याच धंद्याचं काम दुसऱ्याच्या माणसांकडून करून घेतलं, तर भरपाईची मागणी तुमच्यावर येऊ शकते. नंतर मुकादमाकडून वसूल करा म्हणतात, पण त्याच्याकडे असतं काय? पॉलिसीत ‘कंत्राटदाराचे कामगार’ हा विस्तार (जादा संरक्षणाचं कलम) लिहून घ्या, नाहीतर ही माणसं उघडीच राहतात.

आणि सगळ्यांत मोठं भोक. या पॉलिसीत मालक नसतो. झाडकामाच्या छोट्या व्यवसायात झाडावर चढणारा बहुतेक वेळा मालकच असतो. त्याच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी लागते. ती घेताना व्यवसायाच्या रकान्यात ‘स्वयंरोजगार’ किंवा ‘कंत्राटदार’ एवढंच लिहून थांबू नका. उंचीवर, दोरावर, चेनसॉ वापरून काम करतो असं स्पष्ट लिहा. कंपनी तुम्हाला जास्त जोखमीच्या वर्गात टाकेल आणि हप्ता वाढेल, तो वाढू द्या. तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ताही घ्या. अनेक पॉलिसींत तो विमा रकमेच्या एक टक्का दर आठवड्याला, शंभर आठवड्यांपर्यंत असतो. मालक अंथरुणावर असताना घर त्यावर चालतं.

कोकणात आणि गोव्यात फक्त नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ योजना आहे. हप्त्याचा मोठा भाग मंडळ भरतं. तुमचा पाडेकरी त्यात नाव नोंदवू शकत असेल तर त्याला मदत करा. पण ती नारळापुरती आहे, गुलमोहर छाटताना ती धरून चालू नका.

आता तिसऱ्याचं, म्हणजे तुम्ही आणि तुमचे मजूर सोडून इतर कोणाचंही नुकसान. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी किंवा तिच्याहून व्यापक कमर्शियल जनरल लायबिलिटी पॉलिसी. नावावरून एक गोंधळ होतो. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी विमा कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. त्या कायद्याखालची पॉलिसी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, तर झाडकामात तिचा काही उपयोग नाही. एजंटला ‘नॉन-ॲक्ट, नॉन-इंडस्ट्रियल’, म्हणजे या कायद्याबाहेरची आणि कारखान्यांसाठी नसलेली पॉलिसी, असं विचारा.

या पॉलिसीवर दोन आकडे असतात: एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. दहा लाखांना वीस लाख, असं प्रमाण लिहिलेलं दिसेल. एका अपघातात दोन गाड्या आणि एक माणूस सापडला, तर दहा लाख हातोहात संपतात, म्हणून पहिला आकडा महत्त्वाचा. शिवाय ‘एक्सेस’ असतो, म्हणजे प्रत्येक दाव्यातली सुरुवातीची ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून. छोटे दावे, फुटलेलं पत्र्याचं शेड, वाकलेला नळ, हे बऱ्याचदा एक्सेसमध्येच संपतात.

वगळलेल्या गोष्टी मात्र शांतपणे वाचा. ज्या वस्तूवर तुम्ही प्रत्यक्ष काम करत आहात ती, किंवा जी तुमच्या ताब्यात दिली आहे ती, सहसा वगळलेली असते. म्हणजे चुकीच्या कापाने झाड मेलं तर ते झाड या पॉलिसीत बसत नाही. जमिनीखालची केबल किंवा पाइपलाइन, बुंधा उपटताना तुटली तर, अनेकदा वगळलेली असते. बुंधे काढण्याचं काम घेणार असाल तर हा विस्तार मागा. सोसायटीच्या करारात ‘सर्व नुकसान कंत्राटदार भरेल’ असं सही करून दिलेलं वचनही वगळलेलं असतं, कारण कायद्याने येणारी जबाबदारी आणि तुम्ही अंगावर घेतलेली जबाबदारी यांत कंपनी फरक करते.

पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ असेल, तर दावा येतो त्या दिवशी ती चालू हवी आणि अपघात ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’च्या (पॉलिसीवर लिहिलेली, जिच्या आधीचे अपघात धरत नाहीत ती तारीख) नंतरचा हवा. मे महिन्यात छाटणी केली, अर्धवट फाटलेली एक फांदी वर अडकून राहिली, ऑगस्टच्या वाऱ्यात ती खाली आली. काम संपून तीन महिने झालेले. अशा वेळी दोन गोष्टी लागतात: ऑगस्टमध्ये चालू असलेली पॉलिसी आणि ‘काम पूर्ण झाल्यानंतरची जबाबदारी’ धरणारं कलम. आमच्या मते झाडकामाला हे कलम जवळजवळ सक्तीचं आहे. नूतनीकरणात एक दिवसाचं जरी अंतर पडलं, तरी जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख जाऊ शकते.

परवानगीचा कागद हाही विम्याचाच कागद समजा. महाराष्ट्राच्या शहरी भागात १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. परवानगी पाच फांद्यांची आणि कापल्या पंधरा, तर कायदा मोडून केलेलं काम म्हणून विमा कंपनीला हात वर करायला जागा मिळते. परवानगीची प्रत साइटवर ठेवा, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा. तारेजवळ काम असेल तर महावितरणकडून वीज बंद ठेवल्याचं लेखी घ्या, फोनवरच्या ‘हो’वर चढू नका.

गाड्या आणि मशीन यांबद्दल थोडक्यात. चेनसॉ, चिपर (फांद्यांचे तुकडे करणारं मशीन) यांच्यासाठी कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी पॉलिसी असते. चोरीसाठी कुलूप फोडल्याची खूण मागतात, त्यामुळे टेम्पोच्या उघड्या हौद्यात रात्रभर ठेवलेली मशीन गेली तर पैसे मिळणं अवघड. हायड्रा (चाकांवरची क्रेन) भाड्याने आणता तेव्हा तिच्या मोटर पॉलिसीत ‘आयएमटी ४७’ हे कलम पाहा. क्रेन म्हणून काम करताना गाडी उलटली, तर जादा हप्ता भरलेला नसेल तर नुकसान मिळत नाही. मालकाला तसं विचारा आणि भाडेचिठ्ठीवर लिहून घ्या. हायड्राच्या हुकाला पाळणा लटकवून माणूस वर पाठवतात, हे तर कुठल्याच पॉलिसीला दाखवता येणार नाही. तिथे माणूस उचलण्यासाठी बनवलेली बकेट लिफ्टच हवी. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याचा लाकूडफाटा आणि ट्रॉलीत माणसं, हेही तसंच. कोर्ट विमा कंपनीला आधी अपघातग्रस्ताला पैसे द्यायला लावू शकतं आणि नंतर ते तुमच्याकडून वसूल करायची मुभा देतं.

आता शीर्षकाचा मुद्दा. प्रपोजल फॉर्मवर व्यवसायाचं वर्णन विचारतात. ‘गार्डनिंग’ किंवा ‘लँडस्केपिंग’ लिहिलं की हप्ता कमी येतो, आणि घाईतला एजंट तेच सुचवतो. पण लॉन कापणं आणि चाळीस फुटांवर दोराला लटकून चेनसॉ चालवणं, हे दोन वेगळे धंदे आहेत. दावा आला की सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, पहिल्यांदा फॉर्मच मागतो. त्यावर असं लिहा: ‘झाडांची छाटणी, विस्तार कमी करणे व तोडणी, दोर व बकेट लिफ्टने उंचीवरील काम, कमाल उंची अमुक फूट, चेनसॉचा वापर, वीजवाहिन्यांजवळील काम आहे किंवा नाही.’ आणि पॉलिसी हातात आल्यावर हेच शब्द तिच्या शेड्यूलमध्ये (तपशिलाच्या पानावर) उतरले आहेत का ते पाहा. नसतील तर लगेच एंडोर्समेंट, म्हणजे लेखी दुरुस्ती, मागा. लक्षात ठेवा, एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर ग्राहकाचा. असं जोखमीचं काम असताना दोन-तीन कंपन्यांचे दर मागवायला ब्रोकर जास्त उपयोगी पडतो. काही कंपन्या उंचीचं काम घेतच नाहीत. त्यांचा नकार आधीच कळणं चांगलं.

हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. १९३८ च्या विमा कायद्याचं ६४ व्हीबी हे कलम तसं सांगतं. चेक दिला आणि तो वटला नाही, तर पॉलिसी मुळात नव्हतीच असं होतं. शेड्यूलवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ असते. ती पाहूनच पहिलं काम धरा.

अपघात झालाच तर माणूस आधी. दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद) करायला सांगा, गंभीर असेल तर पोलीस पंचनामा होऊ द्या. कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवा. टोल फ्री नंबरवर फोन केला असेल तर तक्रार क्रमांक त्या ईमेलमध्ये लिहा. तुटलेला दोर, कॅराबिनर (दोराची धातूची कडी), फांदी हलवण्यापूर्वी फोटो घ्या आणि दोर फेकू नका. सोसायटीचे चेअरमन रागावलेले असतात, ‘सगळं भरून देतो’ असं लेखी मागतात. ते देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, ही पॉलिसीचीच अट असते. ‘विमा कंपनीला कळवलं आहे, सर्व्हेअर येईल’ एवढंच लिहून द्या. मजुराचा मृत्यू झाला असेल, तर भरपाई अधिकृत प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरी जाऊन वारसांच्या हातात दिलेली रोख रक्कम, आगाऊ दिलेल्या थोड्या मदतीखेरीज, कायद्याच्या दृष्टीने भरपाई मानली जात नाही. ती दिल्यावरही पूर्ण रक्कम पुन्हा भरावी लागू शकते. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडच्या तक्रारीने सुटलं नाही, तर एकल मालकी व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे जाता येतं, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी, नकारानंतर एक वर्षाच्या आत. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे लोकपालांची कार्यालयं आहेत. सूक्ष्म उद्योग असल्याचा पुरावा म्हणून उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा.

राहता राहिली तारीख. आपलं काम एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत, सर्वाधिक असतं. पॉलिसी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करा, म्हणजे नूतनीकरण हंगामाच्या मध्यावर येत नाही. आणि प्रत्येक मजुराची वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना असू द्या. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख मिळतात आणि ते तुमच्या पॉलिसीव्यतिरिक्त असतात. तिचं वर्ष मात्र ३१ मे रोजी संपतं, नेमकं झाडावर सर्वाधिक माणसं असतात तेव्हा. मेच्या पगाराच्या दिवशी प्रत्येकाच्या खात्यात निदान वीस रुपये शिल्लक आहेत का, हे एकदा विचारा.